शेवाळाच्या तिरप्या भिंती

त्या हिवाळ्यात आमच्या घरी चहाची दोन पातेली झाली. एकात चहा उकळायचा, दुसऱ्यात माती. माती उकळणारं पातेलं चुलीवर चढलं की आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणायची, "लोकांच्या घरी मुलगा हैदराबादेहून शिकून येते तं काही शहाणपण घेऊन येते. आमच्याकडं हे पहा, मातीचा काढा." आणि मग तीच पदराने पातेलं धरून उतरवायची, कारण दादाच्या हातून ते सांडलं असतं.

दादा गेल्याला आता पाच महिने होतील. घरातली मुलं मला सांगतात, आत्या, त्याच्याविषयी काही लिही. मी बसते, दोन ओळी होतात आणि हात थांबतो. एवढ्या मोठ्या आयुष्यातलं काय लिहावं? शेवटी ठरवलं की तो एक हिवाळा लिहायचा. त्यात आम्ही दोघंच जास्त होतो, आणि त्यातलं मला जसंच्या तसं आठवतं.

वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. ते तहसीलमध्ये पेशकार होते, तहसीलदारापुढे कागद मांडणारे. घरात मराठी, कचेरीत उर्दू, बाजारात तेलुगू, अशी त्यांची तीन तोंडं होती आणि तिन्हींनी ते कमीच बोलत. मी उर्दू सातवी झाले होते. मुलींना पुढे शिकायला गावात शाळा नव्हती, म्हणून घरीच होते: दळण निवडायचं, सांडगे घालायचे, पहाटे अंगणात रांगोळी काढायची. रांगोळीत माझा हात पक्का होता. आमच्याकडे आणि शेजारच्या तेलुगू घरांत संक्रांतीआधीच्या महिन्यात रोज पहाटे अंगणात मोठी रांगोळी पडते, तिला ते मुग्गू म्हणतात. आईला सगळ्या आळीत आपलं अंगण सरस हवं असायचं. एखादी रेघ ठिपक्यांच्या ओळीतून जराशी तिरपी गेली की ती टाचेने सगळी पुसून टाकायची आणि म्हणायची, "पुन्ना." मी पुन्हा ठिपके मांडायची. थंडीत बोटं बधिर होत, पण रेघ सरळ येई. आदिलाबादची ती थंडी हैदराबादच्या माणसाला सांगून पटत नाही.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. हैदराबादेत वनस्पतिशास्त्र शिकत होता, तेही उर्दूतून. पेशीला ते खलिया म्हणत, बीजाणूला बज़रा, आणि सूक्ष्मदर्शकाला खुर्दबीन. दसऱ्याला तो घरी आला तोच थंडीतापाने कुडकुडत. कॉलेजची मुलं नार्नूरच्या बाजूला झाडपाला गोळा करायला गेली होती, तिथले डास चावले. दिवसाआड ताप चढे. कोयनेल पाजून पाजून ताप उतरला, पण कानात भुंगे गुणगुणायचे, डोळ्यांपुढे धुरकट दिसायचं आणि हात असा थरथरायचा की पेल्यातलं पाणी छातीवर सांडावं. कॉलेजातले सगळे प्रात्यक्षिकाचे तास बुडाले. वर्ष जाणार हे नक्की होतं. पण त्याच्या प्रोफेसर साहेबांचा त्याच्यावर जीव होता. त्यांनी लाकडी पेटीतून आपली जुनी खुर्दबीन मोटारीबरोबर धाडली आणि सोबत चिठ्ठी: घरबसल्या एकच गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहा. शेवाळाचा बज़रा रुजतो कसा, त्याच्या एका खलियाचे दोन, दोनाचे चार कसे होतात, ते रोज पाहून रोज काढा. चित्रं खरी असली तर मी तुमचे तास भरले असं लिहीन आणि तुम्हाला परीक्षेला बसता येईल.

खुर्दबीन होती, शेवाळही होतं. आमच्या विहिरीच्या आतल्या पायऱ्यांच्या कडेला, पाण्याच्या वर दोन हातांवर, मखमलीसारखं दाट. त्यातून केसासारखे देठ वर आले होते आणि प्रत्येक देठावर एक इवलीशी डबी. डबी वाळली की तिचं झाकण पडतं आणि आतून पिवळसर धूळ निघते. ती धूळ म्हणजेच बीजाणू. एक कण मोहरीच्या दाण्याचे शंभर भाग करावे तेवढा. आम्ही उकळलेली माती गाळायची, तिच्या निवळीत फुटक्या मडक्याचं खापर भिजवायचं, ते थाळीतल्या पाण्यात ठेवायचं, त्यावर ती धूळ झटकायची आणि वरून काचेचा पेला पालथा घालायचा. एवढी सगळी तयारी झाली, आणि मग दादाने पेन्सिल हातात घेतली. कागदावर उमटलं ते कोंबडीने उकरल्यासारखं. त्याने तो कागद पालथा ठेवला. मग पेन्सिल माझ्यापुढे सरकवली.

"इंदे, तू काढ."

"मले काय समजते त्यातलं?"

"समजाचं कायले? जे दिसून राह्यलं ते काढ. जे दिसलं पाह्यजे असं वाटते, ते नको काढू."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. मला वाटलं, यात काय अवघड आहे.

खुर्दबीन पूर्वेच्या खिडकीत मांडली होती. खालचा आरसा उन्हाकडे वळवायचा, म्हणून काम दहा ते बारा एवढंच. डावा डोळा नळीला, उजवा कागदावर, दोन्ही उघडे. पहिले दोन दिवस मला माझ्या पापण्यांखेरीज काही दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी दिसलं. भाजलेल्या रव्याच्या रंगाचा एक गोळा, आणि त्याच्या जाड सालीला एक चीर गेलेली. चिरेतून आतली पातळ, पारदर्शक साल फुगून बाहेर आली होती. आत हिरवे दाणे दाटीवाटीने बसलेले, मध्ये दोन-तीन तेलाचे थेंब चमकत होते. हे सगळं एका पेशीत. दुसऱ्या दिवशी तो फुगा लांबून नळी झाला आणि हिरवे दाणे एकेक करून त्या नळीत उतरले. संध्याकाळपर्यंत नळी सलग होती. सकाळी पाहिलं तर तिच्या मधोमध एक भिंत. रात्री आम्ही सगळे झोपलो असताना एकाच्या दोन खोल्या झाल्या होत्या. मी ओरडलेच. आई पिठाच्या हातांनी धावत आली, तिला वाटलं विंचू चावला. तिलाही दाखवलं. तिने डोळा लावला, बराच वेळ लावला, आणि म्हणाली, "हिरवं आहे काहीतरी." पण दुसऱ्या दिवसापासून तिने खिडकीपुढच्या दोरीवर लुगडी वाळत घालणं बंद केलं, ऊन अडू नये म्हणून.

पेशीचा केंद्रक पाहायला दादाने दवाखान्यातून टिंक्चर आयोडिनची बाटली आणली. एक थेंब सोडला की पेशी मरायची, पण तिच्या मधला पिवळसर ठिपका स्पष्ट व्हायचा. मला ते मारणं आवडत नसे. दादा म्हणे, हजारो आहेत खापरावर, पाच-दहांनी काय होते. खरंच हजारो होते. खापरावर हिरवी बुरशी धरावी तशी साय आली. प्रत्येक बीजाणूमधून एक हिरवा धागा वर आणि एक फिका, जवळजवळ बिनरंगाचा धागा खाली मातीकडे. मी दोन्ही काढले. पेशीला पेशी जोडलेली, मध्ये सरळ आडव्या भिंती, सारख्या अंतरावर. माझं चित्र पाहून दादा डोळे चोळत म्हणाला, "छापल्यासारखं आलं." पंधरा चित्रं झाली. तहसीलचा एक कारकून हैदराबादला जाणार होता, त्याच्याबरोबर नानांनी ती पाठवली.

उत्तर दोन आठवड्यांनी आलं. चित्रं परत आली होती, आणि अकराव्या चित्रावर लाल पेन्सिलीने उर्दूत एकच ओळ: "सब दीवारें सीधी? दोबारा देखिए." वेगळ्या चिठ्ठीत साहेबांनी लिहिलं होतं की ही चित्रं सुंदर आहेत, पण ती पाहून काढलेली नाहीत असा मला संशय येतो. अशा चित्रांवर मी सही करू शकत नाही.

दादाने चिठ्ठी वाचली, घडी केली आणि मला विचारलं, "इंदे, खरं सांग. खालच्या धाग्यातल्या भिंती कशा होत्या?"

मला आठवलं. खालच्या फिक्या धाग्यांत भिंती तिरप्या होत्या. कोयत्याने ऊस तिरपा छाटावा तशा. पहिल्यांदा दिसल्या तेव्हा मला वाटलं काच वाकडी बसली, म्हणून मी काच फिरवली. तरी तिरप्याच. मग वाटलं वरच्या काचेने धागा चेपला असेल. आणि मग हाताने त्या सरळ काढून टाकल्या, जशा अंगणात काढत आले तशा. मी खोटं काढलं असं मला तेव्हा वाटलंच नव्हतं. मी नीट केलं होतं.

"तिरप्या होत्या," मी म्हटलं.

"मग सरळ काऊन काढल्या?"

"वाईट दिसत होत्या."

मला वाटलं तो रागवेल. तो हसायला लागला. तापानंतर पहिल्यांदा इतका हसला की त्याला ठसका लागला. "वाईट दिसत होत्या! साहेबांना असंच लिहून पाठवतो, का माझ्या बहिणीला शेवाळाचा संसार नीटनेटका करायचा होता." मी रडायला लागले तेव्हा थांबला. मग म्हणाला, "खुर्दबीन माघात परत न्यायची आहे. वेळ आहे. पुन्ना पेरू."

पेरायला बीजाणू कुठून आणायचे? संक्रांत तोंडावर आली होती आणि पाणी भरणाऱ्या लच्छव्वाने आईच्या सांगण्यावरून विहिरीची कड विटेने घासून चुना फासला होता. मखमल गेली होती. मी विहिरीत वाकून पाहत होते तेव्हा लच्छव्वा मागून आली. ती तेलुगूच, पण पन्नास वर्षं आमच्यासारख्यांच्या घरी काम करून मराठी बोलायची; शेवाळाला मात्र पाचीच म्हणायची.

"काय पायते वो अम्मा?"

"तू सगळं शेवाळ काढलं, लच्छव्वा."

"पाची हाय ते. पाय घसरून तू पडली असती तं तुझ्या माईनं मलेच इचारलं असतं." मग माझा चेहरा पाहून म्हणाली, "लय पायजे? मावल्याच्या नाल्यात पुलाखाली ऊन येत नाई. तितं हाय. देठवाली हाय, मी पायली."

मावला तसं जवळ, पण पंधरा वर्षांच्या मुलीने नाल्यात उतरायला जावं हे आईला मान्य नव्हतं. दादाला तेवढं चालवत नव्हतं. मी आईला म्हटलं, चित्र मी बिघडवलं, तर आणायलाही मीच जाईन. आईने माझ्याकडे असं पाहिलं जसं कोणी दुसरीच बोलते आहे. तिने हो म्हटलं नाही. भाकरीत लसणाची चटणी गुंडाळून लच्छव्वाच्या हाती दिली, एवढंच.

पुलाखाली दगडांच्या सांध्यांत ते होतं. बहुतेक डब्या फुटून रिकाम्या झालेल्या. गुडघाभर गार पाण्यात उभी राहून मी एकेक देठ पाहत होते आणि लच्छव्वा काठावर बसून बोरं खात मला चिडवत होती, "पेशकारसायबाची पोरगी पाचीची राखण करते, माय वो!" शेवटी झाकण न पडलेल्या नऊ डब्या मिळाल्या. रुमालाच्या घडीत कागद, कागदात त्या, आणि रुमाल पोलक्यात.

माती पुन्हा उकळली, खापरावर पुन्हा पेरलं. या वेळी मी स्वतःशी ठरवलं होतं की आपल्या उजव्या हातावर भरवसा ठेवायचा नाही. त्याला सरळ रेघेची सवय इतकी लागली होती की डोळा तिरपं पाहायचा आणि हात तेवढ्यात सरळ करून मोकळा व्हायचा. मी पेन्सिल डाव्या हातात धरली.

"डाव्या हातानं?" दादा म्हणाला. "लहान पोरानं काढल्यासारखं दिसंल."

"दिसू दे. ह्याला रांगोळी येत नाही."

डावा हात हळू चालायचा. एका पेशीला पाऊण तास लागे. रेघ थरथरे, पण डोळा जिथे नेई तिथेच जाई, कारण त्याला स्वतःचं असं काही माहीतच नव्हतं. त्या एकवीस दिवसांत मी जे पाहिलं ते आजही डोळे मिटले की दिसतं. वर जाणाऱ्या हिरव्या धाग्यात भिंती खरोखरच सरळ आडव्या, आणि हिरवे दाणे गोल, भरगच्च. खाली जाणाऱ्या धाग्यात भिंती तिरप्या, पेशी लांबट, दाणे थोडे आणि फिके, आणि पुढे पुढे सालीला तपकिरी झाक. आईच्या मनात जसं अंगण होतं तसं काही त्या बीजाणूच्या मनात नसावं. एकाच दाण्यातून दोन रीती निघत होत्या. मी त्या मोजल्या, कुठली भिंत आदल्या दिवशी नव्हती ते टिपलं, आणि ज्या दिवशी ढग होते त्या दिवशी कागदावर "ढग, दिसलं नाही" असं लिहिलं. एकविसाव्या दिवशी एका धाग्याच्या बगलेला चार पेशींची गाठ दिसली. दादाचे डोळे तोवर बरेच निवळले होते. त्याने पाहिलं, आणि नळीपासून डोळा न काढता म्हणाला, "कळी आहे, इंदे. इथून झाड होईल."

सतरा चित्रं झाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी तो ती पुठ्ठ्यात बांधत होता. नाना कचेरीतून येऊन ओसरीवर टेकले होते. त्यांनी एक कागद उचलला, खाली दादाचं नाव पाहिलं आणि विचारलं, "हे इंदूनं काढलं ना?"

"हो. मी सांगितलं, तिनं काढलं."

"मग बकलम कुठं आहे?"

नानांच्या कचेरीत रोज असे कागद येत, ज्यांत शेतकऱ्याचा अंगठा असायचा आणि लिहिणारा दुसराच असायचा. अशा कागदावर लिहिणाऱ्याने "बकलम" लिहून आपलं नाव घालायचं, म्हणजे हात कुणाचा ते कळावं. ते नसेल तर नाना कागद परत करत, मग समोर कुणीही असो.

मी म्हटलं, "नाना, नको. साहेब म्हणतील हे ह्याचं कामच नाही. वर्ष जाईल त्याचं."

"जाऊ शकते," नाना म्हणाले. "मी लिही म्हणत नाही. विचारलं फक्त. कागद त्याचा आहे."

आई आतून म्हणाली, "अहो, तुमच्या कचेरीचा कायदा घरात कायले आणता? पोरगं आताच तापातून उठलं."

मी दादाचा हात धरला. खरंच धरला, मनगटाला. त्याला म्हटलं, मला नाव नको, मला कुणी ओळखत नाही तिथे, तू परीक्षेला बस. तो म्हणाला, "पहिल्या खेपेला तू भिंती सरळ केल्या. आता मी करू?" आणि त्याने हात सोडवून घेतला. प्रत्येक चित्राखाली, सतराही चित्रांखाली, त्याने उर्दूत लिहिलं: बकलम इंदिरा, माझी बहीण. हात अजून थरथरत होता. सतरावं लिहून होईपर्यंत कंदील लावावा लागला.

तो गेला. नेरडीगोंड्यावरून हैदराबादकडे जाणारी मोटार धुळीत दिसेनाशी झाली, आणि पुढचे नऊ दिवस मी रांगोळी काढली ती आईने एकदाही पुसली नाही, यावरून मी ओळखलं की तीही घाबरली आहे.

दहाव्या दिवशी दादा आला. नाना जेवत होते. तो हातपाय धुऊन समोर बसला आणि म्हणाला, "नाना, वर्ष गेलं."

नानांनी घास खाली ठेवला. "बकलममुळं?"

"हो. साहेब म्हणाले, चित्रं खरी आहेत, एकही भिंत खोटी नाही. पण पाहणारा डोळा तुझा नाही, तर मी तुझे तास भरले असं कसं लिहू? पुढच्या वर्षी स्वतः काढ म्हणाले."

"आणि कागद?"

"ठेवून घेतले. इंदूच्या नावानं कपाटात ठेवले."

नानांनी आईला खूण केली, याला वाढ. आईने अंबाडीची भाजी वाढली, भाकरी वाढली. मी उठून परसात गेले. एक वर्ष म्हणजे काय हे मला समजत होतं. त्याच्याबरोबरीचे पुढे जाणार होते आणि तो मागच्यांच्या बाकावर बसणार होता. त्याला ते जन्मभर कधी ना कधी कुणीतरी विचारत राहिलं, मधलं वर्ष कुठे गेलं म्हणून. तो सांगायचा, ताप आला होता. मी हजर असले तरी तेच सांगायचा. खरं कारण त्याने बाहेर कुणाला सांगितलं नाही, म्हणून मी आज लिहिते आहे.

थोड्या वेळाने तो मागे आला. हात धुतलेले, मिशीला पाणी.

"रडून राह्यली काऊन?"

"माझ्यापायी गेलं."

"नाई. मी लिहिलं." मग म्हणाला, "ऐक. साहेबांनी विचारलं, ही मुलगी कुठं शिकते. मी म्हटलं, कुठंच नाई. ते म्हणाले, हैदराबादेत मुलींची शाळा आहे, वसतिगृह आहे, मी चिठ्ठी देतो. जूनमधे मला जायचंच आहे, तुला घेऊन जातो. नानांना मी सांभाळतो. आईला तू सांभाळ. ती कठीण आहे. पण आधी तू सांग. तुला..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं.